पातळ सोलचे बूट

दिवाळीचे आकाशकंदील अजून गॅलऱ्यांमधून उतरलेले नसतात, तोवर सोलापूरच्या रस्त्यांवर ऊस यायला लागतो. आधी एखादाच ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, मोठ्ठ्याने लावलेली गाणी. मग आठवड्याभरात रांगाच. गतिरोधकापाशी उसाची कांडी पडतात, चाकांखाली चिरडून त्यांचा पांढरा चोथा होतो आणि त्यावर माश्या बसतात. वारा फिरला की कुठूनतरी मळीचा आंबूस-गोड वास येतो. आमच्या गल्लीतले लोक खिडक्या लावून घेतात. मी लावत नाही. वंदना, माझी बायको, विचारते, "तुम्हाला कसा हो सहन होतो हा वास?" मी म्हणतो, "सवय आहे."

सवय नाही. तो वास आला की मला माझ्या स्वतःच्या पायांकडे बघवत नाही, एवढंच खरं. हे मी घरात कधी बोललो नव्हतो.

यंदा हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात गौरी पुण्याहून घरी आली. आमची एकुलती एक. नोकरीला लागून तीन वर्षं झाली आणि तिने जुनी, चारही चाकांना जोर असणारी जीप घेतली आहे. तिच्यासारख्याच दहा-बारा जणांचा एक गट आहे. ही मंडळी शनिवार-रविवारी डांबरी रस्ता सोडून ओढ्यानाल्यांत गाड्या घालतात, चिखलात रुतवतात, काढतात, आणि रात्री तंबू ठोकून राहतात. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा हसावं की काय करावं सुचेना. आम्ही जे पोटासाठी केलं ते ही मुलं हौस म्हणून करतात. पण त्यांचा हेवाही वाटला.

"या वेळी तू पण चल बाबा," ती म्हणाली. "उजनीच्या काठी कॅम्प आहे. आणि आधी तुला बूट घेऊ. त्या चपला घालून तू काटेकुटे तुडवणार का?"

असे आम्ही बाप-लेक नवी पेठेत बुटांच्या दुकानात जाऊन बसलो. दुकानदाराने खोक्यांचा ढीग लावला. गौरीने एक जाडजूड जोडी उचलली. तळ दोन बोटं जाड, घोट्याच्या वर येणारा, पुढे कडक टोपण. "हे दगडावर आपटा सर, काही होणार नाही," दुकानदार म्हणाला. "पाणी जाणार नाही, काटा जाणार नाही. ताईंना गाडी चालवायला पण हेच देतो. ऑफरोडवाले सगळे हेच नेतात."

"चालवायला हे नको," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चारचाकी चालवत नाही. लग्नाआधीपासून चालवत नाही. लायसन मात्र दर वेळी न चुकता नवं करून घेतो. का घेतो, ते मलाही सांगता येणार नाही. घरात सगळ्यांना वाटतं की मला कंबरेचा त्रास आहे.

"का नको?" गौरीने विचारलं.

आणि मी बोलत सुटलो. कॅम्पवर हिंडायला जाड तळ ठीक आहे, पण पेडलवर पाय ठेवायला तळ पातळ लागतो. क्लच कुठे धरतो ते तळव्याला कळलं पाहिजे. बूट रुंद नको, ब्रेक दाबायला गेलं तर कडेने ॲक्सिलरेटरला घासतो. नाडी लांब सोडायची नाही, आत खोचायची. बूट सकाळी घ्यायचा नाही, संध्याकाळी घ्यायचा, दिवसभरात पाय फुगलेला असतो तेव्हा. मोजा घालूनच माप बघायचं. चिकटवलेला तळ नको, शिवलेला हवा, ओल्या-सुक्यात चिकटवलेला पहिल्यांदा तोंड उघडतो. आणि चिखलातून गाडीत चढताना...

इथे मी थांबलो.

"चढताना काय?" गौरी म्हणाली.

"काही नाही. झाडून चढायचं."

"बाबा, तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

"कारखान्यात होतो ना मी. तेव्हा."

तिने स्वतःसाठी पातळ, शिवलेल्या तळाचे बूट घेतले. माझ्यासाठी ते जाड. "तुला कुठे चालवायचीय!" ती हसत म्हणाली. मीही हसलो. खोक्यातले बूट घरी आणून कोनाड्यात ठेवले. येता-जाता ते नजरेला पडत. अगदी तसेच होते. सव्वीसाव्या वर्षी मी घेतले होते तसेच.

शेतकीची पदवी घेऊन मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलो होतो. हंगाम सुरू झाला आणि मला भीमेकाठच्या एका गटावर पाठवलं. कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरवायचं, तोडणीच्या टोळ्यांना शेतं नेमून द्यायची, गाड्या भरून वेळेत निघतात का पाहायचं, हे काम. रोज परत येणं जमण्यासारखं नव्हतं. बाभळीच्या रांगेजवळ एक राहुटी ठोकून दिली होती. तीत मी आणि जीपचे ड्रायव्हर दस्तगीरभाई, असे आम्ही दोघं राहायचो.

तो हंगाम मला अजून अंगाने आठवतो. पहाटे राहुटीच्या कापडावर दव साचून ते जड झालेलं असायचं. टोळीच्या झोपडीवजा कोप्यांमधून उसाच्या वाळक्या पाचटाचा धूर उठायचा, भाकरी थापल्याचा आवाज यायचा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि कोयत्यांचा सपसप आवाज, हे दोन्ही दिवसभर. उसाचं पान गालाला घासलं की संध्याकाळी तोंड धुताना झोंबायचं. जानेवारीत शेजारच्या रानात ज्वारी हुरड्यावर आली तेव्हा शेतकरी आम्हाला बोलावून न्यायचे. गरम कणसं तळहातावर चोळताना हात भाजायचे आणि चटणीने तोंड. नवा नोकरदार, लग्न ठरलेलं, अंगावर ऊन, पोटात हुरडा. आयुष्यात पुन्हा मी इतका सुखी झालो असेन असं मला वाटत नाही, आणि त्या सुखाकडे मला सरळ बघताही येत नाही.

दस्तगीरभाई मोडनिंबचे. तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास. उंच, हडकुळे, खाकी शर्टाच्या खिशात कायम एक कंगवा. माझ्याशी बोलायचे ते गावाकडच्या मराठीत, चिडले की दखनीत, आणि जीपशी बोलताना दोन्हींत. त्यांच्याकडे पायातले तीन जोड होते आणि त्यांची शिस्त एखाद्या मौलवीसारखी कडक होती. रानात हिंडायला टायरच्या तळाच्या चपला. तोडलेल्या उसाचे बुडखे सुरीसारखे उभे असतात, ते फक्त टायरलाच दाद देतात. संध्याकाळी राहुटीपाशी रबरी स्लीपर, "पायालाबी सुट्टी पायजे की सायब." आणि गाडी चालवायला पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट, एके काळी पांढरे असावेत. चिखलातल्या चपला काढून, पाय पुसून, कॅनव्हास चढवल्याशिवाय ते स्टिअरिंगला हात लावत नसत. रात्री तिन्ही जोड राहुटीच्या खांबाला उलटे टांगायचे आणि सकाळी आपटून मगच घालायचे. एकदा माझ्या बुटातून विंचू निघाला तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "भाडं मागा त्येला," म्हणाले.

मला जीप त्यांनीच शिकवली. खरं तर ड्रायव्हरशिवाय कुणी गाडीला हात लावायचा नाही असा कारखान्याचा कडक नियम होता. पण संध्याकाळी नदीकाठचा मोकळा पट्टा असायचा, आणि मी मागे लागायचो. ते शेजारच्या सीटवर बसायचे.

"डोळं मिटा," एकदा म्हणाले.

"डोळे मिटून गाडी?"

"उभीच हाय की. मिटा. आता क्लच सोडा हळूहळू. कुटं धरतंय सांगा."

"कळत नाही."

"कसं कळंल? पायात ही वीट बांधलीया तुमी. सायब, गाडी डोळ्यानं दिसती, पर कळती पायाला."

वीट म्हणजे माझे बूट. पहिल्या पगारातून घेतलेले, जाड तळाचे, पितळी हुकांचे. टोळीतल्या बायका त्यांच्या आवाजावरून मला ओळखायच्या. "आला गं सायब, बैलाला नाल ठोकल्यागत वाजतोय." मला ते आवडायचं. त्या बुटांमुळे मी साहेब आहे असं मला वाटायचं.

दस्तगीरभाईंनी आपला पाय माझ्या पायाशेजारी ठेवून पाहिला. "आठ नंबर की? माजाबी आठच. मग माजं घालून चालवा." मी टाळलं. आणि मग मोजे काढून अनवाणी पायाने चालवायला शिकलो. अनवाणी पायाला क्लच कळला. पेडलचं गार लोखंड, त्याची थरथर, आणि नेमक्या एका जागी गाडीने घेतलेला श्वास. ते सुख मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही.

त्यांची आणखी एक सवय सांगायलाच हवी. गाडी कुठेही उभी केली, अगदी सपाट मैदानावर, तरी ते हँडब्रेक ओढायचे आणि वर चाकाखाली एक दगडही लावायचे. टोळीतले लोक चेष्टा करायचे. ते म्हणायचे, "बावीस वर्सं चालवतोय. आजपातूर माजी गाडी माज्या इच्छेबिगर हालली न्हाय." हे एकच वाक्य ते अभिमानाने बोलत. बाकी कशाचा त्यांना गर्व नव्हता.

जानेवारीअखेर अवकाळी पाऊस झाला. काळी माती एकदा भिजली की ती माती राहत नाही. बुटाला धरते, थरावर थर चढतो आणि माणूस वीतभर उंच होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची जीप एका बांधापाशी रुतली. मागे पाच-सहा बैलगाड्या खोळंबल्या होत्या, गाडीवान ओरडत होते. दस्तगीरभाईंनी सीटवरूनच इकडून-तिकडून वाकून पाहिलं, पाचटाचे भारे मागवले आणि मला म्हणाले, "तुमी बसा सायब. मी चाकाखाली पाचट सारतो. म्या हात केला की क्लच सोडा, एकदम हळू."

मी चढायला पुढे झालो. माझे बूट चिखलाने माखलेले.

"बूट काडा," ते म्हणाले.

"अनवाणी? थंडी किती आहे."

मग त्यांनी सीटवर बसूनच स्वतःचे कॅनव्हास काढले. चिखलात अनवाणी उतरले आणि ती जोडी माझ्यासमोर धरली. "हे घाला. सुकं हायेत."

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते बूट घामाने काळे पडलेले होते. आतला तळ त्यांच्या बोटांच्या आकाराने खचलेला होता. त्यांच्या हातच्या चहाला, एका ताटात खाल्लेल्या भाकरीला मला कधी काही वाटलं नाही, पण ते बूट पायात घालायची मला किळस वाटली. आणि मागे इतकी माणसं बघत होती. साहेबाने ड्रायव्हरचे बूट घालायचे? मी म्हणालो, "असू द्या, चालतंय." त्यांनी बूट सीटवर ठेवले. आणि अनवाणीच पुढे गेले.

त्यांनी हात केला. मी क्लच सोडायला लागलो. सोडायला लागलो म्हणजे, तसं मला वाटलं. चिखलाचा तळ पेडलवरून साबणासारखा निसटला. जीपने उडी घेतली. ते डाव्या पायाने पाचट आत दाबत होते.

ओरडले ते गाडीवान. दस्तगीरभाईंनी आवाजही केला नाही.

डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून निरोप आला की अपघाताचा लेखी जबाब द्या. दवाखान्यात मी त्यांच्या खाटेशेजारी कागद घेऊन बसलो. ते उर्दू शाळेत शिकलेले, मराठीत सहीपुरतं येई. म्हणाले, "तुमीच लिवा सायब. जे झालं ते लिवा."

मी लिहिलं, "जीप उभी करून खाली उतरताना मी हँडब्रेक लावण्यास विसरलो. त्यामुळे जीप आपोआप पुढे सरकली."

वाचून दाखवलं. "हँडब्रेक?" ते एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "किरकोळ चूक आहे, काही होणार नाही." मी नोकरीत कायम व्हायचो होतो. पुढच्या महिन्यात लग्न होतं. गाडीवान परमुलखातले, ऊस पोचवून पुढच्या शेतावर गेलेले. खरं विचारणारं कुणी नव्हतंच. दस्तगीरभाईंनी कागद घेतला, माझं पेन घेतलं आणि सही केली.

क्लचला लागतो तोच पाय गेला होता. वर नोंद अशी की ड्रायव्हर निष्काळजी. त्यांना कारखान्याच्या फाटकावर बसवलं. पुढचा हंगाम यायच्या आत मी राजीनामा दिला आणि सोलापूरला एका कॉलेजच्या कार्यालयात चिकटलो. निघताना फाटकावर ते उठून उभे राहिले होते. मी एसटीच्या खिडकीतून हात केला आणि दुसरीकडे पाहिलं.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की जबाब त्यांनीच तसा लिहायला सांगितला. माझी नोकरी वाचावी म्हणून. ही गोष्ट मी इतक्या वेळा मनात घोळवली की तिच्यात ते वाक्य त्यांच्या आवाजात ऐकू यायला लागलं. पण मळीचा वास आला की खरं वाक्यच ऐकू येई. जे झालं ते लिवा.

शनिवारी सकाळी गौरीच्या जीपमधून आम्ही निघालो. माझ्या पायात ते नवे जाड बूट. तिने चढताना आपले पातळ बूट दारावर आपटले आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला, "झाडले!" मोहोळ मागे पडलं. समोरून उसाच्या गाड्या येत होत्या.

"गौरी, जरा बाजूला घे."

"मळमळतंय का?"

"नाही."

तिने गाडी बाभळीखाली उभी केली. मी सगळं सांगितलं. बुटाची किळससुद्धा. ती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती.

"म्हणजे तू लिहिलंस? तुझ्या अक्षरात?"

"हो."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

लहानपणी तिच्या वहीत खाडाखोड दिसली की मी तिला पूर्ण पान पुन्हा लिहायला लावायचो. ते मला त्या क्षणी आठवलं. तिलाही आठवलं असेल.

"आहेत का ते अजून?"

"माहीत नाही."

"बाबा, मोडनिंब पुढे पंधरा-वीस मिनिटांवर आहे," ती म्हणाली. तिने गटातल्या कुणाला तरी फोन लावला, आम्ही उशिरा येतो म्हणून सांगितलं, आणि गाडी सुरू केली.

स्टँडजवळच्या हॉटेलात चौकशी केली. "दस्तगीरभाई म्हणून, कारखान्यात ड्रायव्हर होते."

चहावाल्याने कपाळाला आठी घातली. "दस्तगीर... कुठलं हो?" मग त्याचा चेहरा उजळला. "आरं, हँडब्रेक! हँडब्रेकचाचा म्हना की. त्या टायरच्या दुकानाच्या मागं ऱ्हात्यात."

बाकड्यावरचे दोघं-तिघं हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. गौरीने माझा दंड धरला.

टायरचं दुकान त्यांच्या मुलाचं, इरफानचं. मागे अंगणात लिंबाखाली खाट होती आणि खाटेवर ते. दाढी पांढरी, खिशात कंगवा. मी पुढे झालो. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"वीट अजून सुटली न्हाय व्हय सायब?"

ते खाटेवर सरकले, "बसा की. ही पोरगी का तुमची? ये बेटा. इरफान, खुर्ची आन." इरफान हात पुसत आला. कारखान्यातले जुने साहेब म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "म्हणजे अब्बांचा हँडब्रेक तुमच्यासमोरच ऱ्हायला का?"

"नाही," मी म्हणालो. "ते हँडब्रेक विसरले नव्हते. गाडीत मी होतो. माझा पाय क्लचवरून घसरला. आणि जबाबात हँडब्रेक मी लिहिला."

इरफानच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्याने बापाकडे पाहिलं. "अब्बा? तुमी कधी बोलला न्हाय."

"काय बोलायचं? सही माजी हाय." ते माझ्याकडे वळले. "पाय गेला त्याचं मला काय न्हाय सायब. चूक हुती मान्साची. इतकी वर्सं आला न्हाईत, त्येबी जाऊ द्या. पर हँडब्रेक का लिवलं? ब्रेक फेल लिवायचं की. क्लचची तार तुटली लिवायचं. जीप म्हातारी हुती, कुणालाबी पटलं असतं. मलाबी फाटकावर बसावं लागलं नसतं. दुसरं कायबी सुचलं न्हाय?"

मी त्या पेनाने काय काय लिहू शकलो असतो ते मला खरोखरच कधी सुचलं नव्हतं. स्वतःला वाचवायची इतकी घाई होती की समोर कोण पडलंय तेही मी पाहिलं नाही.

"नाही सुचलं," मी म्हणालो. "माझं चुकलं, दस्तगीरभाई."

"मग तुम्ही सही का केलीत चाचा?" गौरीने विचारलं.

"हे बसलं हुतं कागुद घिऊन, तीच ओळ फिरून फिरून वाचत," ते म्हणाले. "म्हनलं, आता खोडा म्हनलं तर ह्येच पडंल खाटंवर, माज्या शेजारी." ते हसले, पण लगेच थांबले. इरफान खाली बघत होता. "आमी पण हसलो अब्बा," तो म्हणाला. "पोरंबी हँडब्रेक म्हनून हसत्यात."

"व्हय. म्हनून म्हनतो." त्यांनी काठी घेतली आणि उठले. "स्टँडवरच्या हॉटेलात सगळी बसल्यात आता. चला, चा पिऊ. तितं सांगा, जे आता सांगितलं त्ये."

"सांगतो."

"आनि गाडी तुमी चालवायची."

"मी चालवत नाही दस्तगीरभाई. त्या दिवसापासून."

"मग सांगताना लोक म्हन्तील, ह्येला गाडी तरी येती का." त्यांनी काठीने अंगणाबाहेर दाखवलं. "इरफान, दगड काड रं."

आम्ही बोलत असताना त्यांनी दुकानातल्या पोराला कधी खुणावलं होतं कुणास ठाऊक, गौरीच्या जीपच्या मागच्या चाकाखाली एक दगड लावलेला होता. इरफानने तो काढला. गौरीने किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन बसली. दस्तगीरभाई काठी आत टाकून शेजारच्या सीटवर चढले. मी दार उघडलं. अंगणात टायर धुतलेल्या पाण्याचा राडा झाला होता आणि माझ्या नव्या बुटांना तो लागला होता. मी बूट पायरीवर आपटायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ते काडा."

त्यांनी खाली वाकून स्वतःच्या नाड्या सोडल्या. कॅनव्हासचेच बूट, पातळ तळाचे, घामाने काळे पडलेले. ते त्यांनी माझ्यासमोर धरले.

मी माझे काढले. उजवा बसला. आठ नंबर. डाव्यात पाय घातला तर बोटं पुढे कशाला तरी टेकली. हात घालून पाहिलं. चिंध्यांचा बोळा होता, पुढच्या बाजूला, तीन बोटांच्या जागी, घट्ट कोंबलेला. मी तो बाहेर काढायला लागलो.

"असू द्या तसंच," दस्तगीरभाई म्हणाले. "बोटं जरा आकडून घ्या."

मी बोटं आखडून घेतली. नाडी आत खोचली, आणि क्लचवर पाय ठेवला.